तुफानचा खरारा

४ मार्च, सोमवार

माझ्या बॅरलमधलं पाणी कोण चोरतंय याचा छडा लावल्याशिवाय मी गप्प बसायची नाही. टँकर परवा येऊन गेला. दोन्ही बॅरल काठोकाठ भरून मी स्वतः झाकणं लावली, वर दगड ठेवले. आज बघते तर एक बॅरल तळाला. घरात दोन माणसं आणि एक कुत्रं, आम्ही पाणी पितो का त्यात पोहतो? जतच्या ह्या अंगाला मार्च महिन्यात पाण्याची काय किंमत आहे हे चोरालाही कळायला पाहिजे. बॅरल शेजारच्या मनुबाईच्या कुडाला लागून आहेत. मी कुणाचं नाव घेत नाही. पण डोळे उघडे ठेवणार आहे.

पतसंस्थेनं दिलेली ही डायरी जानेवारीपासून कपाटात कोरी पडली होती. अंगणवाडीत जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांची वजनं लिहिली, आता निवृत्त झाल्यावर स्वतःचं काहीतरी लिहावं म्हटलं. बोलायला घरात आहे कोण? आमचे हवालदार दिवसातून चार शब्द बोलतात, त्यातले तीन कुत्र्याशी.

७ मार्च, गुरुवार

हवालदार म्हणजे माझे मालक, ज्योतिबा. नाव लिहिताना सुद्धा लाज वाटते बाई, पण डायरीत कोण बघतंय? लष्करात कुत्र्यांच्या पथकात होते. आता त्यांच्या पथकात एकच शिपाई, तुफान. कारवान जातीचा, उंच, सडपातळ, सायीच्या रंगाचा.

रोज सकाळी चहाच्या आधी तुफानचा खरारा होतो. खरारा घोड्याचा करतात, पण ह्यांच्या तोंडात तोच शब्द बसलाय. अंगणात पोतं अंथरायचं आणि म्हणायचं, "बैठ." मग जाडंभरडं फडकं घेऊन मानेपासून शेपटीपर्यंत, केसांच्या कलानं. कान वाकवून आत डोकवायचं, ओल्या कापसानं वरवर पुसायचं, आत काडी घालायची नाही. पंजा उचलून बोटांच्या फटी बघायच्या, कारण गोचीड तिथंच दडतो. नखं फरशीवर वाजायला लागली की टोक तेवढं कापायचं, जास्त कापलं की रक्त येतं. शेवटी ओठ वर करून दात बघायचे आणि पाठीवर थाप मारून "साबास" म्हणायचं. तेवढा वेळ चहा गार होतो. माझ्या केसात उभ्या जन्मात फणी घातली नाही ह्या माणसानं.

आज थाप मारताना म्हणाले, "साबास, जूली."

मी म्हटलं, "ही कोन जूली? लष्करात ठिवली हुती का काय?"

हसले नाहीत. नंतर मलाच आठवलं, जूली ही काश्मीरात असताना त्यांच्या हाताखाली असलेली कुत्री. म्हातारपणी जुनी माणसं आठवतात तशी कुत्रीही आठवत असतील.

१३ मार्च, बुधवार

तुफानची पाठ उघडी पडायला लागली आहे. केस झडले, खालची कातडी लाल, हात फिरवला की कोंडा पडतो. सारखा खाजवतो. टँकरचं पाणी खारट, दुसरं काय. साबणही धड नाही. चांगला कुत्र्याचा म्हणून जतहून आणलेला, आठवड्यात त्याचा पापुद्रा झाला. उंदीर साबण खातात हे ऐकून होते, आता बघितलं.

संध्याकाळी जावई शिवतेजचा मलकापूरहून फोन. पल्लवीचे दिवस भरत आले आहेत. "मामी, बाळंतपण झालं की पल्लवी महिनाभर तिकडंच येईल म्हणते. पण कुत्र्याला खरूज असेल तर त्याची आधी सोय लावा. बाळ आणि ते एका घरात नको."

चुकीचं काही बोलला नाही. लेकरू आधी, कुत्रं मागून. माळावरचा मेंढपाळ जोतीराम तुफानला त्याच्या मेंढ्यांच्या वाड्यावर न्यायला एका पायावर तयार आहे. पण सांगलीच्या कारखान्यावरची वॉचमनकी सुटली तेव्हा हा माणूस भिंतीकडं तोंड करून पडून असायचा. जेवायला हाक मारली तरी उठत नव्हता. त्यात कुणीतरी हे पिल्लू आणून दिलं आणि दुसऱ्या दिवशी हे उठून अंगणात पोतं अंथरून बसले. तुफान गेला तर हे परत भिंतीकडं वळतील. मला त्या पाठीची भीती वाटते.

ह्यांना शिवतेजचं बोलणं सांगितलं. म्हणाले, "तुफान कुटं जानार न्हाई." बस, तेवढंच. म्हणजे बरा करायचं काम माझ्यावर आलं.

१९ मार्च, मंगळवार

जतला डॉक्टर रविराज म्हणून नवा पोरगा आलाय जनावरांचा. वडापच्या जीपवाल्यानं कुत्रं घ्यायला कुरकुर केली, मी त्याला दोन शब्द सुनावले.

डॉक्टरनं पाठ बघितली, कातडी खरवडून काचेवर घेतली. विचारलं, "आंघोळ कितीदा घालता?"

"म्हयन्यातनं एकदा," हे म्हणाले. ताठ उभे राहून, साहेबासमोर उभं राहावं तसे.

"नक्की? कातडी सारखी धुतल्यासारखी दिसतीय. अंगचं तेलच राहिलं नाही हिच्यात."

मला राग आला. म्हटलं, "आवं डॉक्टर, ह्यांनी लष्करात कुत्री सांबाळल्यात. ह्यांना आंगुळ शिकवू नगा."

पोरगा काचेकडं वळला. खरजेचे किडे आहेत म्हणाला. साबण एकदम बंद. एक औषध दिलं, पाण्यात कालवून अंगाला लावायचं, हातमोजे घालून. धुवायचं नाही, चाटू द्यायचं नाही. "आठवड्यातनं एकदाच, सोमवारी. जास्त लावलं म्हणजे लवकर बरं होईल असं नसतं. ह्या जातीची कातडी पातळ, औषध अंगात उतरतं." मी दोनदा वदवून घेतलं.

येताना जीपमध्ये हे म्हणाले, "पोरगं हुशार वाटलं. कुटलं म्हनायचं?" डॉक्टरनं निघताना स्वतःचं गाव सांगितलं होतं, ह्यांनी त्यावर "आमचे पावनं हायत तिथं" असंही म्हटलं होतं. लक्ष नसतं ह्यांचं. अर्धं लक्ष कुत्र्यात.

२३ मार्च, शनिवार

आज मनुबाईला विचारलंच. कुडाच्या अलीकडून म्हटलं, "मनुबाई, पानी पायजे तर मागून न्ह्यावं मानसानं."

ती भाकरी टाकायची सोडून बाहेर आली. "वैनी, तुमचं पानी मी कशाला न्हीन? तुमचे मालकच कुत्र्याला सारकं धुत्यात. सकाळी धुत्यात, दुपारी धुत्यात, तुमी बाजारला गेला की परत धुत्यात. माज्या डोळ्यांनी बगते मी."

"माज्या मालकाला खोटं पाडतीस व्हय गं?"

"खोटं न्हाई पाडत. इचारा त्यांना."

विचारलं. हे पोत्यावर बसून तुफानचे कान बघत होते. "आवं, दुपारी न्हाऊ घातला का ह्याला?"

सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "न्हाई. आंगुळ कुटं, डाक्टरनं बंद केलीया न्हवं?" ह्या माणसानं लग्नापासून आजवर मला एक खोटं सांगितलेलं नाही. तुफान ओला होता खरा, पण तो मोरीच्या पाण्यात लोळला असेल.

मनुबाईशी बोलणं तोडलं. दोन्ही बॅरलना साखळी घातली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला. साबणाची उरलेली चकती धान्याच्या डब्यात लपवली, डॉक्टरचं ऐकायचं म्हणून.

३० मार्च, शनिवार

कुलूप लावल्यापासून पाणी पुरतंय. चोर कोण होतं ते सिद्ध झालं, आता मला कुणी शहाणपणा शिकवू नये.

आणि तुफानच्या पाठीवर लव आली! मऊ, मुगाच्या मोडाएवढी. सोमवारी मी औषध कालवून दिलं, ह्यांनी मोजे घालून लावलं, वाळेपर्यंत त्याचं तोंड धरून बसले. खाजवणं निम्म्यावर आलंय. पल्लवीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आई, आण्णांना सांग, बाळाचा खरारा पण त्यांनीच करायचा." ऐकून हे हसले. किती दिवसांनी हसले.

एकच त्रास. साबण कुठं आहे म्हणून विचारतात. सांगितलं की "बरं" म्हणतात आणि भाकरी खाऊन झाली की परत विचारतात. म्हातारा हट्टाला पेटलाय.

६ एप्रिल, शनिवार

विहीणबाई पाय मोडून बसल्या. पल्लवीला दवाखान्यात कोण बघणार? मला उद्या मलकापूरला निघायला पाहिजे.

ह्यांना सगळं समजावलं. भाकरी पलीकडच्या घरातली रंगूबाई आणून देईल. बॅरलची किल्ली खुंटीला. औषधाची बाटली कपाटावर, मोजे त्याच्या शेजारी. "सोमवारी लावायचं. इसरू नगा."

"मला काय पोरगं समजतीस व्हय?"

"पोरगं बरं. मी फोन करून आठवन करते." एक सोमवार चुकला तर खरूज उलटते, असं मला वाटतं. सगळं केलेलं वाया जाईल.

८ एप्रिल, सोमवार. मलकापूर

इथं नळाला पाणी किती! शिवतेज मोटार धुतो ते बघून माझा जीव तुटतो.

सकाळी ह्यांना फोन केला. "औषद लावा बरं आज." म्हणाले, "लावतो." दुपारी दवाखान्यातून केला. "लावलं का?" "आत्ता लावतो." संध्याकाळी परत केला. "झालं का न्हाई?" म्हणाले, "कसलं? हां, औषद. लावतो की." काय माणूस आहे! सकाळपासून एक काम होईना. मी घरात नसले की सगळा आळस.

९ एप्रिल, मंगळवार. पाडवा

नात झाली. पल्लवी सुखरूप. गुढी उभारून शिवतेज धावत दवाखान्यात आला. मी नातीला हातात घेतलं आणि सगळं विसरले, देवा.

ह्यांना सांगितलं. "मुलगी? बेस झालं. बेस झालं." मग मी औषधाचं विचारलं. कालचं अजून लावलंच नाही म्हणतात! म्हटलं, "आवं, आत्ता उठा. माज्यासमूर उठा. फोन चालू ठिवा." बाटलीचं बूच निघाल्याचं ऐकलं, तेव्हा कुठं फोन ठेवला.

मनुबाईचा फोन येऊन गेलेला दिसला. नातीच्या जन्मादिवशी पाण्याचं भांडण मला नको.

१० एप्रिल, बुधवार

सकाळी फोन केला तर हे म्हणाले, "तुफान लय झोपतोय. उटवलं तर लडबडतोय." उन्हाळा आहे, आमच्याकडचं ऊन माणसाला लोळवतं, तिथं कुत्र्याचं काय! सावलीत बांधा म्हटलं. काल तरी औषध नीट लावलंत का विचारलं तर म्हणतात, "काल? न्हाई बा. आज लावायचंय न्हवं?" माझं डोकं फिरलं. तावातावानं काहीबाही बोलले. रडू यायला लागलं मला, इतकं जपून बरं केलेलं जनावर ह्यांच्या आळसापायी हातचं जाणार. "आत्ताच्या आत्ता लावा," म्हटलं.

मनुबाईचा परत फोन. मी कट केला. तरी परत. फोनच बंद करून टाकला.

११ एप्रिल, गुरुवार

रंगूबाईच्या फोनवरून मनुबाई बोलली. "वैनी, फोन ठिवू नगा. तुमच्या पाया पडते." मी उद्या निघते आहे. लिहवत नाही.

१४ एप्रिल, रविवार. घरी

तुफान गेला. गुरुवारीच गेला. बाभळीखाली पुरलाय.

परवा जीपमधून उतरले तेव्हा हे दारात उभे होते. म्हणाले, "आलीस? तुफानला हाक मार गं, मगाधरनं दिसंना."

मी मनुबाईकडं बघितलं. ती पदर तोंडाला लावून उभी होती. कपाटावर बाटली होती, तळापर्यंत रिकामी. मोजे तिथंच, घडी न मोडलेले. ह्यांच्या हातांना लाल चट्टे.

मनुबाईनं सगळं सांगितलं. ती मला बोलली असती तर बरं झालं असतं, पण तिनं हळू आवाजात सांगितलं. "फोन वाजला की उटायचे वैनी. बाटली घ्यायचे, लावायचे. मी म्हनलं, आवं दादा, सकाळीच लावलं की. तर म्हनायचे, न्हाई मनुबाई, आत्ता तिचा फोन आला, लावलं न्हाई म्हनून वरडली. मग तुमाला फोन केला मी. लागंना." तुफान आडवा पडला, लाळ गाळायला लागला, तेव्हा तिनं स्वतःच्या बॅरलमधलं पाणी ओतून त्याला धुतलं. माझ्या बॅरलला तर कुलूप, आणि किल्ली कुठं ते ह्यांना आठवेना. खुंटीलाच होती. टेम्पो करून तिनंच जतला नेला. डॉक्टरनं सलाईन लावलं. ह्यांच्या मांडीवर गेला.

एकदाच लावायचं औषध मी फोनवर उभं राहून परत परत लावून घेतलं. "आत्ताच्या आत्ता लावा." मी म्हटलं. ह्यांच्या हातांनी, पण मी मारलं त्याला. आणि ज्या बाईला चोर म्हटलं तिचं पाणी त्याच्या अंगावर शेवटचं पडलं. मी तिचे पाय धरले. तिनं मला उठवलं आणि चहा टाकायला गेली.

२ मे, गुरुवार

सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ह्यांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. ह्यांनी गोल सुरेख काढला, आकडे सगळे एका बाजूला दाटीनं लिहिले. मग माझ्याकडं बघितलं, बरोबर आहे का म्हणून. असं आयुष्यात कधी बघितलं नव्हतं त्यांनी माझ्याकडं.

बाई म्हणाल्या, हा आजार आहे, वाढत जाईल, गोळ्यांनी थोडा सावकाश होईल. "कधीपासून होतंय असं?"

मी म्हटलं, "कुत्रं गेल्यापासून." आणि म्हणता म्हणता आठवत गेलं. पाणी. साबण. जूली. डॉक्टरचं गाव. सगळं माझ्यासमोर होतं आणि मी कुलपं लावत बसले. ते खोटं बोलत नव्हते, खरं तेच सांगत होते. त्यांच्यापुरती ती रोजची पहिलीच आंघोळ होती.

१९ मे, रविवार

रोज सकाळी विचारतात, "तुफान कुटं हाय?" पहिल्यांदा मी खरं सांगितलं. पोत्यावर बसून ओक्साबोक्शी रडले. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, परत सांगितलं, परत तसंच रडले, पहिल्यांदाच ऐकावं तसं. माझ्यात तेवढं बळ नाही. आता म्हणते, "पल्लवीकडं गेलाय, बाळाजवळ." म्हणतात, "बेस. त्याचे कान बगायला सांग त्यांना." पल्लवी बाळाला घेऊन पुढच्या आठवड्यात यायची म्हणते. तेव्हा काय सांगू, ठाऊक नाही.

आज चहा ठेवायच्या आधी हे अंगणात आले. पोतं अंथरलं, झटकून सारखं केलं. फडकं काढलं. मी उंबऱ्यात उभी होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "बैठ."

मी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

बसले. त्यांनी माझा आंबाडा सोडला, माझीच फणी घेतली आणि मानेपासून खाली, हळू, गुंता आला की बोटानं सोडवत. कान वाकवून आत बघितलं, ओल्या कापसानं वरवर पुसले. पाय मांडीवर घेतला. टाचांच्या भेगा बघून तोंडानं 'च्च' केलं. नखाचं टोक तेवढंच कापलं. हात एवढासुद्धा थरथरला नाही. कूड धरून मनुबाई बघत होती, मला तिची लाज वाटली नाही. मला रडू येत होतं, खांदे हलत होते. "हलू नगंस," म्हणाले. शेवटी पाठीवर थाप मारली. "साबास." नाव कुणाचंच घेतलं नाही.

मी उठून आत आले, तोंड धुतलं, आंबाडा बांधला, चुलीवर चहा ठेवला. दोन कप भरून बाहेर आले तर हे परत पोतं अंथरत होते.

"आज खरारा झाला का गं?"

चहा कट्ट्यावर ठेवला. बांधलेला आंबाडा सोडला.

"न्हाई," मी म्हटलं. "ऱ्हायलाय. करा."